फुजीच्या तळ्यावर नवरात्राचं धुणं

जपानातल्या एका तळ्यात मी आमच्या ह्यांची नोकरी धुऊन काढली. (पिळलीसुद्धा, पण ते पुढे सांगते.)

सोलापूरची बाई जपानात कशाला कडमडायला गेली, असं कुणीही विचारील. तीस सालाच्या पुढचे दिवस. आमच्या आळीतल्या बायका अक्कलकोटला जायचं म्हटलं तरी आठ दिवस आधीपासून दशम्या करायच्या. पण मला नेलं ते ज्वारीच्या भाकरीनं! आमचे हे गिरणीत रंगखात्यात होते. बाजारात तेव्हा जपानी कापडाचा सुळसुळाट झालेला. दिसायला देखणं, आणि त्यातला तांबडा रंग म्हणे कितीही धुवा, जायचा नाही. आमच्याकडचा तांबडा पहिल्याच धुण्याला नवऱ्याच्या धोतरावर उतरायचा. तेव्हा गिरणीच्या मालकांनी ठरवलं की आपला एक माणूस तिकडे पाठवायचा आणि तो पक्का तांबडा शिकून आणायचा. ह्यांना पाठवलं. दोन महिन्यांत ह्यांचं पत्र आलं, ‘रंग शिकतो आहे. पोट बंद पडले आहे. इकडे तिन्ही त्रिकाळ भात.’

मालक मोठे धोरणी. त्यांनी जपानच्या कोबे बंदराला निघालेल्या एका व्यापारी कुटुंबाच्या सोबतीनं मला पुढच्या जहाजात बसवलं, ज्वारीचं पोतं आणि जातं देऊन. बंदरावर जकातवाल्यांनी त्या जात्याभोवती उभं राहून अर्धा तास खल केला. हे कसलं हत्यार, असं त्यांना वाटलं असावं. शेवटी मी फतकल मारून बसले आणि मूठभर ज्वारी दळून दाखवली. त्याबरोबर सगळे कमरेत वाकले आणि बाजूला झाले! जपानात माणूस वाकला की त्याची आपल्याला संमती आहे, अशी माझी समजूत झाली ती तिथे. पुढचं सगळं रामायण त्या समजुतीनं केलं.

ह्यांचे गुरू म्हणजे ओसाकातल्या एका रंगशाळेचे म्हातारे मास्तर, ओकादा-सान. हात कोपरापर्यंत निळे, बोलणं जवळजवळ नाहीच. इंग्रजी मोडकंतोडकं यायचं, ह्यांचंही तसंच, त्यामुळे दोघांचं छान जमलं होतं. चार-सहा महिने खपून ह्यांनी स्वतःच्या हातानं एक चादर रंगवली. चादर आपली सोलापूरचीच, मी नेलेली, पांढरी. पण रंग असा चढला होता की बाजारात नव्या मिरचीची रास ओतावी! ओकादा-साननी ती पाहून पास केली, की ते मालकांना पत्र देणार होते, ‘या माणसाला पक्का तांबडा येतो.’ ते पत्र हातात असलं तर हे गिरणीत रंगमास्तर होणार. नसलं तर परत जाऊन त्याच जुन्या पिंपात तोच जुना दांडा फिरवायचा, आणि वर लोक म्हणणार, जपानला जाऊन काय केलंस? भात खाल्लास?

हे ती चादर पेटीत, मी घरून आणलेला कडुनिंबाचा वाळका पाला घालून ठेवायचे. रोज संध्याकाळी झाकण उघडून बघायचे. माझ्याकडे लग्नातसुद्धा असं बघितलं नव्हतं.

“हिला हात लावायचा न्हाई बरं का,” हे सांगायचे.

“न्हाय लावत. पर रंग जायाचा न्हाय न्हवं?”

“जन्मात जायचा न्हाई! आपल्या नातवांच्या अंगावर बी असाच राहील!”

हे वाक्य मी पदराच्या गाठीला बांधून ठेवलं.

अशात भाद्रपद संपत आला आणि सासूबाईंचं पत्र आलं. त्यांना लिहिता येत नव्हतं; शेजारच्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं. नवरात्र जवळ आलं, परमुलखात आहात म्हणून घट बसवायचा चुकवू नका, आणि घट बसण्याआधी घरातली चिंधीन् चिंधी धुवा. अंथरूण, पांघरूण, अंगाखाली घेतलेलं काहीही पारोसं राहता कामा नये. आमच्याकडे हे धुणं म्हणजे सणापेक्षा मोठा सण असतो. गाडीभर गोधड्या घेऊन बायका ओढ्यावर जातात, नाहीतर जिथे पाणी असेल तिथे. ओसाकात आम्ही माडीवरच्या एका खोलीत राहायचो. नळाखाली पातळं धुतली, सतरंजी धुतली. एक ती चादर तेवढी राहिली. ती पेटीत नजरकैदेत होती.

घट बसायला चार दिवस असताना ओकादा-साननी आम्हा दोघांना बरोबर चलायचं बोलावणं केलं. ते दरवर्षी थंडी पडायच्या आत दोन दिवस डोंगरातल्या एका तळ्यावर जायचे. तिथे म्हणे फुजी डोंगर पाण्यात उलटा दिसतो.

“उलटा डोंगुर बघाया येवड्या लांब?” मी म्हटलं. “सुलटा हितनं दिसत न्हाय व्हय?”

“अगं, गुरू निवांत असतो तितं. तितंच चादर दाखवतो. शांत पाणी, शांत मन... पत्र तितंच लिहून देत्यात बघ!”

ह्यांनी चादरीची पेटी बरोबर घेतली, मी माझ्या गाठोड्यात धुण्याच्या सोड्याची पुडी टाकली. सासूबाईंच्या पत्रात तळं-ओढा असा काही भेद केलेला नव्हता.

आम्ही पोचलो तेव्हा संध्याकाळ होती आणि धुकं इतकं दाट की तळं कुठे, डोंगर कुठे, आम्ही कुठे, काही समजेना. तळ्याकाठी लाकडी खाणावळ होती, तिची मालकीण गोल चेहऱ्याची, माझ्याच वयाची. तिनं जमिनीवर कापसाच्या पांढऱ्याशुभ्र गाद्या अंथरल्या आणि वाकली. मीही वाकले. जाडजूड गादी! पाठ टेकली आणि मेल्यासारखी झोपले.

सकाळी मी कागदाचा दरवाजा सरकवला, आणि मग किती वेळ तशीच उभी होते ते मला सांगता येणार नाही. समोर पाणीच पाणी होतं. माझं माहेर वळसंगचं. आमच्या विहिरीत पोहरा सोडला की ओवी म्हणून संपायची तरी पाण्याला लागायचा नाही, आणि वर यायचा तो अर्धा गाळ घेऊन. पाणी म्हणजे खोल अंधारात चमकणारा बंद्या रुपयाएवढा तुकडा, अशीच माझी कल्पना. आणि इथे ते उंबऱ्याशी येऊन पडलं होतं, कुणी न ओढता! धुकं पाण्यावरून हळूहळू उठत होतं, चुलीवरच्या दुधाची वाफ उठते तसं. मग त्या धुक्यातून डोंगर निघाला, माथ्यावर नुकतंच पडलेलं बर्फ, आणि त्याच्या पायाशी दुसरा, उलटा, तितकाच खरा. मला वाटलं मी अजून झोपेतच आहे. मला आईची आठवण आली. तिनं सगळा जन्म घागरी मोजण्यात घालवला. हे पाणी तिला एकदा नुसतं दाखवायला पाहिजे होतं, असं वाटून मला चक्क रडू आलं.

डोळे पुसते आहे तोच पलीकडे काय दिसावं? खाणावळीची मालकीण एकेक गादी उचलून बाहेर कठड्यावर टाकत होती! चार, पाच, सहा. दुलयासुद्धा.

माझ्या मनात लख्ख उजेड पडला. अगं बाई, म्हणजे हितं पण नवरात्र! एवढ्या लांब, समुद्राच्या पार, या बाईच्याही घरात सासू असणार आणि तिनंही सांगितलं असणार, पारोसं ठेवू नकोस. मला त्या बाईबद्दल एकदम माया दाटून आली. (जपानात रोज सकाळी गाद्या नुसत्या उन्हात टाकतात, हे मला नंतर कळलं. नंतर मला पुष्कळ गोष्टी कळल्या.)

मी पदर खोचला आणि बाहेर गेले.

“बाई, येकलीनं कशाला करता? मी हाय की!”

ती वाकली. झाली संमती! मी पहिली गादी खांद्यावर टाकली आणि पाण्याकडे निघाले. ती लगबगीनं माझ्यामागे आली, काहीतरी बोलली आणि पुन्हा वाकली. मी म्हटलं, “राहू द्या ओ, माजं काय झिजतंय?” आणि दुसरी गादीही आणली. ती आणखी खाली वाकली. इतकी कृतज्ञ बाई मी जन्मात पाहिली नाही.

काठाला नावा बांधायचा लाकडी धक्का होता, अगदी धुण्याच्या दगडासारखा. धोपटायला काही नव्हतं म्हणून मी शेजारच्या नावेतलं वल्हं घेतलं. सोडा काढला. आणि तेवढ्यात पेटीतली चादर आठवली.

आता मी काही अगदीच वेडी नव्हते. थांबले, विचार केला. ह्यांनी हात लावू नको म्हटलं होतं हे खरं. पण का? तर रंगाला जपायचं म्हणून. आणि रंग तर जन्मात जाणार नव्हता! मग जपायचं कशापासून? उलट घरातली ती एकच चिंधी पारोशी राहिलेली, ऐन नवरात्रात तीच ह्यांच्या नशिबाला आडवी आली तर? शिवाय हे सांगणारा नवरा, आणि ते सांगणारी सासू. वळसंगच्या मुलीला या दोघांत कुणाचं ऐकायचं हा प्रश्न पडत नाही. हे ओकादा-सानबरोबर फिरायला गेले होते. मी जाऊन चादर घेऊन आले.

धप!

पहिल्या धोपट्याला उलटा फुजी मोडला. माथा एकीकडे, पाय एकीकडे. धप! धप! मी गादीला हाणत होते, तो डोंगर जुळत होता, मोडत होता, आणि मला लहानपणी कधी मिळालं नाही एवढं सुख मिळत होतं. लागेल तेवढं पाणी! पिळायची काटकसर नाही, शेजारणीचा नंबर नाही. मालकीण शेजारी उभी राहून बारीक आवाजात सारखं काहीतरी म्हणत होती, डोळ्यांत पाणी. मला वाटलं, धुताना म्हणायचं काही देवीचं असेल. मग मीही जात्यावरची एक ओवी लावली. दोघींचा सूर बरा लागला होता.

पण कापसाची गादी पाणी प्यायली की ती गादी राहत नाही, गाभण म्हैस होते. पहिली ओढून धक्क्यावर घेईपर्यंत दम निघाला. दुसरी घ्यायला गेले तर ती हातातून निसटली. तिच्यावर मी चादर पसरून ठेवली होती, सोडा लावून. गादी अजून पुरती भिजली नव्हती, त्यामुळे बुडेना, तरंगायला लागली, आणि चादर अंगावर घेऊन, एखादी श्रीमंत बाई पालखीतून जावी तशी संथपणे तळ्याच्या मध्याकडे निघाली.

“अगं अगं! धरा की तिला!” मी ओरडले. मालकीण वाकली!

आणि मग मला ते दिसलं. चादरीच्या कडेनं पाण्यात एक तांबडी रेघ उतरली, मग दुसरी. बघता बघता पाणी गुलाबी झालं. गादी गुलाबी झाली. धक्क्यावरची पहिली गादी बघितली तर तीही; चादरीला सोडा मी तिच्यावरच चोळला होता. उलट्या फुजीच्या माथ्यावरचं बर्फ हळूहळू गुलाबी होत गेलं, आणि खोटं कशाला सांगू, इतकं सुंदर मी आयुष्यात काही पाहिलेलं नाही. आपण काय करून बसलो ते कळत होतं, तरी डोळे म्हणत होते, बघून घे. सहलीला आलेल्यांची एक नाव थांबली. सगळे उठून उभे राहिले. एकानं कॅमेरा काढला.

तेवढ्यात वरच्या वाटेनं आमचे हे आणि ओकादा-सान आले. मी धक्क्याच्या आडोशाला खाली बसले. ह्यांना मी दिसले नाही, पाणी दिसलं.

“ओकादा-सान, बघा! बघा!” हे हरखून ओरडले. (हे मराठीतच. आनंद झाला की ह्यांचं इंग्रजी संपायचं.) “सूर्य उगवला पाण्यात! असा तांबडा मला करायचा हाय! अस्साच!”

ओकादा-साननी आधी पाण्याकडे पाहिलं. मग मान वळवून मागे आकाशात पाहिलं, तिथे सूर्य कधीचा कासराभर वर आला होता. मग पुन्हा पाण्याकडे पाहिलं. मग बोट करून त्यांनी ह्यांना तरंगणारी चादर दाखवली.

हे वाटेवरून खाली धावले. मग धोतरासकट पाण्यात.

“अहो, माघारी या! थंडी बाधंल!” मी आडोशातून उठले.

“तू?” कमरेइतक्या पाण्यातून हे वळले. “तू धुतलीस?”

“नवरात्र आलं न्हवं का... आत्याबाईंनी कळवलं हुतं...”

“हात लावू नको म्हणलं हुतं ना!”

“तुमीच म्हणला की, जन्मात जायाचा न्हाय!”

ह्यांनी पुढे होऊन चादर उचलली, गादी काठाकडे ढकलली. हे चादर छातीशी धरून काठावर आले, आणि धोतर गुलाबी, बंडी गुलाबी, कोपरापर्यंत हात गुलाबी. मी तिथेच बसून रडायला लागले. ह्यांनी रात्रंदिवस खपून केलेलं, पेटीत जपलेलं, मी अर्ध्या घटकेत तळ्याला वाहून टाकलं होतं. आता पत्र नाही, रंगमास्तरकी नाही. उरलेला जन्म माणूस पिंपात दांडा फिरवणार आणि दर फेऱ्याला त्याला मी आठवणार.

ओकादा-सान शांतपणे खाली उतरले. गुडघ्यावर बसले. चादरीचं एक टोक घेतलं, पिळलं, बोटांवरचा रंग हुंगला. मग गादीचा कोपरा घेतला, तोही पिळला. मग माझ्याकडे वळून इंग्रजीत काही विचारलं.

“कशानं धुतलीस, इचारत्यात,” हे मेल्या आवाजात म्हणाले.

मी सोड्याची पुडी दाखवली. आणि वल्हं.

वल्हं बघून म्हातारा हसला. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज फुटला, मग त्यांना धक्क्याचा खांब धरावा लागला. हसणं आवरल्यावर ते सावकाश बोलायला लागले आणि हे एकेक वाक्य मला सांगत गेले. सांगता सांगता ह्यांचा आवाज बदलत गेला, म्हणून माझ्या लक्षात राहिलं.

“म्हणत्यात, शिष्य आजवर पुष्कळ झाले. सगळ्यांनी आपापला रंग मला टेबलावर पसरून दाखवला. बायकूच्या हातात कुणीच दिला न्हाई.”

“मग?”

“म्हणत्यात, रंगाची परीक्षा घाटावर.” ह्यांनी चादरीचं टोक हातात घेतलं. “आनि म्हणत्यात, मी एक पायरी गाळली. रंग दिल्यावर कापड साबणाच्या उकळत्या पाण्यातनं काढायचं. सुटणारा रंग हितंच सुटू द्यायचा. मग उरलेला जात न्हाई.”

“मग तुमी का गाळली?”

“उकळलं की जरा फिका दिसतो गं,” हे खाली बघत म्हणाले. “मला भडक आवडला हुता.”

त्या दिवशी फुजी कुणी बघितलाच नाही. खाणावळीच्या न्हाणीघरातल्या मोठ्या हंड्यात ओकादा-साननी साबणाचं पाणी उकळायला लावलं, स्वतः बाह्या सारून चादर त्यात सोडली आणि ह्यांच्याकडून दुपारपर्यंत ढवळून घेतली. (दांडा म्हणून तेच वल्हं!) काढली तेव्हा मिरचीचा भडकपणा गेला होता, आणि जुन्या कुंकवासारखा खोल रंग राहिला होता. मग ओकादा-साननी ती माझ्या हातात दिली, तळ्याकडे बोट केलं आणि वाकले. मी भीतभीत धक्क्यावर गेले. धप! फुजी मोडला. धप! धप! पाणी पांढरं ते पांढरंच राहिलं. हे काठावर उभे होते. मी वळून बघितलं तर डोळे पुसत होते. मला म्हणाले, “आनखी हाण.” संध्याकाळी पत्र मिळालं.

निघताना मी मालकिणीच्या पाया पडायलाच निघाले होते. तिनं मला उठवलं, तिच्या दोन गुलाबी गाद्यांतली एक घडी करून माझ्या हातात दिली आणि तोंडावर हात धरून हसली. दुसरी तिनं ठेवून घेतली. आधी वाटलं, ही अद्दल म्हणून देते आहे. पण नाही, ती मनापासून देत होती. एवढं मला वाकण्यातला फरक न कळताही कळलं.

सोलापुरात आल्यावर हे रंगमास्तर झाले, आळीत पेढे वाटले गेले. सासूबाईंनी मात्र आधी मला बाजूला घेतलं.

“नवरात्राचं धुणं केलं हुतंस न्हवं?”

“व्हय की आत्याबाई. चिंधीन् चिंधी.”

“कुटं?”

“तळ्यात. लई मोटं तळं. सगळा डोंगुर मावायचा त्यात!”

“तळ्यात?” सासूबाईंनी कपाळावर हात मारला. “साचल्याल्या पाण्यात? अगं, वाहतं पानी लागतं! म्हंजे सगळं पारोसंच की गं!”

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळं गाडीत घालून ओढ्यावर नेलं, ती गुलाबी गादीसुद्धा. सोड्यानं धुतली, रिठ्यानं धुतली, राखेनं घासली, तीन बायकांनी मिळून धोपटली. गादीचा कापूस निघून आला, पण अभ्र्याचा गुलाबी काही हलेना. त्या अभ्र्याची मी पुढे दुपटी शिवली. त्यात माझी मुलं निजली, नातवंडं निजली. ह्यांनी पुढे जन्मभर तांबडे रंग केले, नावाजले गेले, गिरणीनं शाल दिली. पण अजून मी ते दुपटं उन्हात टाकलं की हे काठी टेकत येतात, कोपरा चिमटीत धरतात आणि उसासा टाकून म्हणतात, “सुटत न्हाई गं. कसा केलास?”

मी काय सांगणार? वल्हं आणायला पाहिजे होतं बरोबर.